परमुलखातील मुक्काम आणि घरचा चौका

आजचे वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. इ. स. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील राजा हरिषेण याचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेतले आणि भिक्षुसंघाला निवासासाठी अर्पण केले. या दानाचे पुण्य आपल्या मातापित्यांना लाभावे, अशी इच्छा तेथील शिलालेखात नोंदवलेली आहे. प्रवासी आणि साधक यांच्यासाठी निवारा उभारणे हे पुण्यकर्म आहे, ही जाणीव या भूमीत इतकी जुनी आहे. जैन समाजात तीच जाणीव धर्मशाळांच्या रूपाने टिकून राहिली. शिरपूर येथे अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूला आपले नियम कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. सूर्यास्तापूर्वीचे भोजन, गाळलेले पाणी, कंदमूळ वर्ज्य असलेला स्वयंपाक या गोष्टी तेथे मागाव्या लागत नाहीत. त्या आधीच असतात.

परदेशप्रवासात नेमके हेच हरवते. समृद्धी महामार्गामुळे कारंजा, मालेगाव, मंगरूळपीर या भागांतून नागपूर आणि मुंबई या दोन्ही विमानतळांकडे जाणे सोपे झाले आहे. कापूस, तूर, सोयाबीन यांच्या हंगामांमधील मोकळे दिवस साधून व्यापारी कुटुंबे जपानपासून इटलीपर्यंत जाऊ लागली आहेत. तिकीट, व्हिसा, चलन यांची चौकशी महिनाभर चालते. मुक्कामाचा प्रश्न मात्र ‘चांगले तारांकित हॉटेल’ एवढ्या शब्दांवर मिटवला जातो. मग तेथील भल्यामोठ्या भोजनदालनात मांसाहारी पदार्थांच्या शेजारी मांडलेल्या भाताकडे पाहत व्रतस्थ माणूस फळांवर दिवस काढतो. एकदा हा अनुभव घेतलेली घरातील ज्येष्ठ स्त्री पुढच्या वेळी ‘तुम्ही जाऊन या’ असे म्हणते आणि मागे राहते. म्हणूनच जैन कुटुंबाच्या दृष्टीने मुक्कामाची निवड हा केवळ सोयीचा किंवा खर्चाचा विषय नाही. घरातील कोण बरोबर येऊ शकेल आणि घरचा आचार किती टिकेल, हे त्या निवडीवर ठरते.

श्रावकाच्या व्रतांमध्ये दिग्व्रत आणि देशव्रत यांना स्थान आहे. कोणत्या दिशेला किती दूर जायचे आणि किती काळ कोणत्या मर्यादेत राहायचे, हे आधी ठरवावे, असा त्यांचा आशय आहे. प्रवासाला निघण्यापूर्वी याच विचाराने दहा शहरांऐवजी दोन ठिकाणे निवडली आणि तेथे निवांत राहिले, तर मुक्कामाची जागा पारखून घेण्यास अवधी मिळतो. अशा वेळी मोठ्या हॉटेलांपेक्षा जुन्या पद्धतीची, स्वतःची काही शिस्त असलेली निवासस्थाने अनेकदा अधिक सोयीची ठरतात. ज्या घराला स्वतःचे नियम असतात, त्या घराला पाहुण्याचे नियम चटकन उमगतात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण जपानमध्ये आहे. ओसाकाच्या दक्षिणेस, वाकायामा प्रांतात कोयासान हे पर्वतावरील तीर्थक्षेत्र आहे. कूकाई या बौद्ध आचार्यांनी नवव्या शतकाच्या आरंभी त्याची स्थापना केली. २००४ मध्ये ते जागतिक वारसास्थळांत समाविष्ट झाले. ओसाकातील नाम्बा स्थानकावरून रेल्वेने डोंगराच्या पायथ्याशी आणि तेथून दोरखंडाने ओढल्या जाणाऱ्या गाडीने वर पोहोचता येते. येथील शंभराहून अधिक मंदिरांपैकी सुमारे पन्नास मंदिरे यात्रेकरूंना मुक्कामासाठी खोल्या देतात. या मंदिरनिवासांना ‘शुकुबो’ म्हणतात. प्रवेशद्वारीच पादत्राणे उतरवायची, गवताच्या विणीच्या चटयांवर गादी घालून झोपायचे, पहाटे सहा-साडेसहाच्या सुमारास प्रार्थनेला बसायचे, असा तेथील दिनक्रम. धर्मशाळेत वावरलेल्या माणसाला त्यात परके असे फारसे काही वाटणार नाही.

तेथील भोजन ‘शोजिन र्‍योरी’ या नावाने ओळखले जाते. मांस, मासे, अंडी तर नाहीतच. कांदा, लसूण आणि त्यांच्या जातीच्या उग्र वनस्पतीही परंपरेने वर्ज्य आहेत. रस्सा समुद्री शैवाल आणि सुकवलेली अळिंबी यांच्या अर्कावर केलेला असतो. तरीही हे भोजन जैन आहार नव्हे, हे आधीच समजून घेतलेले बरे. मुळा, कमळकाकडी यांसारखी कंदमुळे त्यात सर्रास असतात. तेथे प्रसिद्ध असलेले तिळाचे मऊ ‘टोफू’ही एका वेलीच्या मुळाच्या पिठाने घट्ट केलेले असते. भात, सोयाबीनचे टोफू, पालेभाज्या, शेंगा एवढेच वाढावे, असे काही आठवडे आधी लेखी कळवले तर यजमान मंदिराला विचार करण्यास वेळ मिळतो. रात्रीचे जेवण बहुतेक ठिकाणी साडेपाच ते सहाच्या दरम्यान वाढले जाते. जूनमध्ये तेथे सूर्य सातनंतर मावळतो, त्यामुळे चौविहार सहज साधतो. नोव्हेंबरअखेरीस मात्र पाचपूर्वीच मावळतो. म्हणजे तीच खोली आणि तेच ताट एका ऋतूत नियमात बसते, दुसऱ्या ऋतूत बसत नाही.

कोयासानच्या ओकुनोइन या विस्तीर्ण स्मशानभूमीत उंच वृक्षांच्या छायेत लाखो समाध्या आहेत. त्यांत वाळवीसाठी उभारलेले एक स्मारकही आहे. वाळवी मारणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांच्याच संघटनेने ते उभारले आहे. हिंसा टाळणे आणि घडलेल्या हिंसेबद्दल स्मारक उभारणे या दोन गोष्टींतील अंतर जैन वाचकाला लगेच जाणवेल. पण सूक्ष्म जीवाचीही आठवण ठेवावीशी वाटणारा समाज तेथे भेटतो, हे विसरता येत नाही.

जपानमधील दुसरा पारंपरिक मुक्काम म्हणजे ‘र्‍योकान’, अर्थात जुन्या धाटणीची पांथशाळा. यामानाशी प्रांतातील केइउन्कान ही इ. स. ७०५ पासून चालत आलेली पांथशाळा जगातील सर्वांत जुने हॉटेल म्हणून गिनीज पुस्तकात नोंदली गेली आहे. आवाझू येथील होशी ही पांथशाळा ७१८ मध्ये सुरू झाली आणि एकाच घराण्याच्या शेहेचाळीस पिढ्यांनी ती चालवली. पेढी टिकावी म्हणून कर्तबगार जावयाला दत्तक घेऊन घराण्याचे नाव देण्याची प्रथा जपानी व्यापारी घराण्यांत रूढ आहे. पिढीजात दुकान चालवणाऱ्या कुटुंबाला अशा पांथशाळेतील एक रात्र बरेच काही शिकवून जाईल. तेथील जेवणाबाबत मात्र सावध राहिले पाहिजे. दिसायला निव्वळ भाजी असलेल्या पदार्थातही बहुधा सुक्या माशांच्या कीसाचा अर्क असतो आणि यजमानाला त्यात काही विशेष वाटत नाही. म्हणून येथे ‘सुदोमारी’, म्हणजे जेवणाशिवाय केवळ मुक्काम, अशी खोली मागावी. सामूहिक उष्ण स्नानगृहात वस्त्रे उतरवून जाण्याची रीत आहे. संकोच वाटणाऱ्यांनी स्वतंत्र स्नानगृहाची खोली आधीच निवडावी.

जेथे मंदिराचा नियम नाही, तेथे घरचा स्वयंपाकी उपयोगी पडतो. मोरोक्कोतील मराकेश शहराची जुनी तटबंद वस्ती १९८५ पासून जागतिक वारसास्थळ आहे. तिच्या अरुंद गल्ल्यांत ‘रियाद’ नावाची जुनी घरे आहेत. बाहेरून कोऱ्या भिंती, आत मोकळा चौक, चौकात झाडे व कारंजे आणि भोवती खोल्या, अशी त्यांची रचना. वऱ्हाडातील चौसोपी वाड्याची आठवण व्हावी अशी. यांतील अनेक घरे आता पाहुण्यांसाठी खुली आहेत आणि मोठ्या कुटुंबाला सबंध घरही भाड्याने मिळते. जेवण सांगितल्यावर रांधले जाते, हा त्यांचा मोठा गुण. एरवी तेथील ताजिन या पदार्थात कांदा, बटाटा, गाजर असतेच आणि कुसकुसावर अनेकदा मांसाचा रस्सा ओतलेला असतो. पण सकाळी स्वयंपाकिणीशी बोलून मसूर, वांगी, दुधी-भोपळा, टोमॅटो यांचा स्वयंपाक दिवस मावळण्यापूर्वी मागता येतो. शंभर खोल्यांच्या हॉटेलात जो निरोप चार माणसांतून जाताना हरवतो, तो येथे थेट चुलीपर्यंत पोहोचतो.

तिसरा मार्ग म्हणजे स्वतःचा चौका मांडता येईल असे घर. इटलीच्या दक्षिणेस, पुलिया प्रांतातील आल्बेरोबेल्लो गावात शंकूच्या आकाराच्या दगडी छपरांची शेकडो घरे आहेत. त्यांना ‘त्रुल्ली’ म्हणतात. चुना-मातीशिवाय केवळ दगडावर दगड रचून ती उभारली गेली. नव्या वस्तीवरील कर चुकवण्यासाठी राजाचा अधिकारी येताच छप्पर उतरवता यावे, म्हणून ही युक्ती योजली, असे तेथे सांगितले जाते. १७९७ मध्ये नेपल्सच्या राजाने गावाला सरंजामदारापासून मुक्त केले. १९९६ मध्ये गाव जागतिक वारसास्थळ झाले. आज यांतील कित्येक घरे स्वयंपाकघरासह प्रवाशांना मिळतात. बाजारातून शेंगभाज्या, टोमॅटो, डाळी आणून कुटुंबाने रांधावे, असा हा मुक्काम आहे. भागातील ‘ओरेक्किएत्ते’ हा पास्ता परंपरेने केवळ रवा आणि पाण्याचा असतो, अंड्याचा नसतो. चीजची मात्र चौकशी केलीच पाहिजे: पार्मेजानसह इटलीतील अनेक पारंपरिक चीज वासराच्या जठरातील रेनेटने विरजलेली असतात. शाकाहारी म्हणून समोर आलेल्या ताटात हिंसेचा अंश असा नकळत शिरतो.

नवलाईची प्रत्येक जागा जैन कुटुंबाला मानवेलच असे नाही. स्वीडनमधील युक्कास्यार्वी येथे १९८९ पासून प्रसिद्ध असलेल्या बर्फाच्या हॉटेलात बर्फाच्या पलंगावर रेनडियरची कातडी अंथरलेली असते. नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवरील कोळ्यांच्या लाल झोपड्या चित्रात मोहक दिसतात. हिवाळ्याच्या अखेरीपासून त्यांच्या आसपास लाकडी मांडवांवर मासे वाळत घातलेले असतात. शिवाय त्या उत्तरेकडील प्रदेशात उन्हाळ्याचे काही आठवडे सूर्य मावळतच नाही. तेथे सूर्यास्तावर बांधलेला नियम कसा पाळायचा, हे जाणकारांना विचारूनच निघावे लागेल.

मुक्काम ठरवताना काही गोष्टी ध्यानात ठेवल्या तर पुढचा मनस्ताप टळतो. यजमानाला ‘जैन’ किंवा ‘शाकाहारी’ हा शब्द लिहून भागत नाही; काय खात नाही आणि काय खातो, या दोन्ही याद्या स्थानिक भाषेत पाठवाव्यात. त्या तारखांना त्या गावी सूर्य कधी मावळतो हे पाहून भोजनाची वेळ लेखी मागावी. स्वयंपाकघर आहे असे जाहिरातीत असले, तरी पूर्वी मांस शिजलेली भांडी वापरायची नसतील तर पातेले, तवा आणि गाळणे बरोबर न्यावे. जपानमध्ये वीज शंभर व्होल्टची असल्याने आपल्याकडील विद्युत शेगडी तेथे नीट तापत नाही. आणि जुन्या लाकडी मंदिरात खोलीत शेगडी लावण्याचा विचारही करू नये. एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जपानी लोक स्वतःच सुट्टीवर असतात, तेव्हा शुकुबोत जागा मिळणे कठीण. आषाढात चातुर्मास सुरू होण्यापूर्वी परतायचे असेल, तर मेचा मध्य सोयीचा. दिवसही तेव्हा मोठा असतो.

वाटेत समाजाचा आधारही शोधावा. मोत्यांच्या व्यापारानिमित्त कोबे शहरात स्थायिक झालेल्या जैन कुटुंबांनी १९८५ मध्ये तेथील किटानो भागात महावीर स्वामींचे मंदिर उभारले. कोयासानला जाणाऱ्यांना ते दूर नाही. बेल्जियममधील अँटवर्प येथे हिरे-व्यापाऱ्यांनी, इंग्लंडमधील लेस्टर येथे आफ्रिकेतून आलेल्या कुटुंबांनी अशीच मंदिरे उभारली आहेत. दर्शनाबरोबरच परिसरात गाळलेले पाणी आणि योग्य भोजन कोठे मिळेल, हे तेथील माणसांइतके कोणीच सांगू शकत नाही.

इटलीत आणखी एक प्रयोग पाहण्याजोगा आहे. १९७६ च्या भूकंपानंतर फ्रिउली प्रदेशातील ओस पडलेल्या गावांचे काय करायचे, या चिंतेतून ‘विखुरलेले हॉटेल’ ही कल्पना पुढे आली. नवी इमारत न बांधता गावातील रिकामी जुनी घरे दुरुस्त करायची, एका घरात स्वागतकक्ष, दुसऱ्यात भोजन, उरलेल्यांत पाहुणे. घरे वाचली आणि गावात माणसांची ये-जा पुन्हा सुरू झाली. कारंजा लाडच्या वाचकाला यात स्वतःच्या गावाचे प्रतिबिंब दिसेल. कस्तुरी मिसळून बांधल्याची आख्यायिका असलेली हवेली, भट्टारकांच्या परंपरेची मंदिरे, पूर्वी दुर्मीळ अपभ्रंश हस्तलिखिते ज्यांनी जपली ते ग्रंथभांडार आणि १९१८ मध्ये सुरू झालेला महावीर ब्रह्मचर्याश्रम असे वैभव ज्या गावात आहे, तेथील जुन्या वाड्यांची दारे एकेक करून बंद होत आहेत. परदेशातील जुन्या घरात आठ दिवस आनंदाने राहून आलेल्या कुटुंबाने आपल्या वाड्याचे छप्पर शाकारले, एक चौका चालू ठेवला आणि दोन खोल्या यात्रेकरूंसाठी उघडल्या, तर शिरपूर-कारंज्याच्या वाटेवर आलेल्या परमुलखातील पाहुण्यालाही सूर्यास्तापूर्वीचे जेवण म्हणजे काय, ते कळेल.