शेंगदाण्याचा धसका

शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी कधीकधी जिवावर बेतते. म्हणून ज्या बाळांना अ‍ॅलर्जीचा धोका जास्त, त्यांना तीन वर्षांची होईपर्यंत शेंगदाणा द्यायचाच नाही, असा सल्ला ब्रिटनमध्ये १९९८ साली आणि अमेरिकेत २००० साली दिला गेला. कुणालाही पटावा असाच तो होता. पण अ‍ॅलर्जी काही कमी होईना.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधले डॉ. गिडियन लॅक यांना एक गोष्ट खटकली. इस्रायलमध्ये हा आजार फारसा दिसत नव्हता. त्यांच्या गटाने दोन्ही देशांतल्या ज्यू मुलांची तुलना केली, तेव्हा ब्रिटनमधलं प्रमाण दहापट निघालं. इस्रायली बाळं मात्र दात येण्याच्या वयापासून ‘बाम्बा’ नावाचे शेंगदाण्याच्या चवीचे कुरकुरे चघळत होती.

मग खरी परीक्षा झाली. तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली, चार ते अकरा महिन्यांची ६४० बाळं निवडली. निम्म्यांना शेंगदाणा नियमित दिला, निम्म्यांना वर्ज्य. पाचव्या वर्षी, वर्ज्य केलेल्यांपैकी १७ टक्के मुलांना अ‍ॅलर्जी होती. खाणाऱ्यांत जेमतेम ३ टक्क्यांना. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले.

असं का व्हावं? शेंगदाणा ताटातून हद्दपार केला तरी त्यातली प्रथिनं घरातल्या धुळीत असतातच. एक्झिमाने तडकलेल्या त्वचेतून ती आत शिरतात आणि प्रतिकारशक्ती त्यांना शत्रू ठरवते. तोंडावाटे पोटात गेली असती, तर तीच प्रथिनं अन्न म्हणून ओळखली गेली असती, असं शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे पथ्याने समोरचं दार लावलं आणि मागचं सताड उघडं ठेवलं.

मला यात जास्त खुपतं ते वेगळंच. नवं औषध असतं तर चाचण्यांशिवाय बाजारात आलं नसतं. ‘देऊ नका’ म्हणायला मात्र कुणी पुरावा मागितला नाही. टाळण्यात कसलं आलंय नुकसान, असं सगळेच धरून चालले. २००८ साली अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी सल्ला मागे घेतला, पण भीती इतक्या सहज मागे घेता येत नाही. लवकर सुरुवात करा, असं तिथे स्पष्टपणे सांगितलं जायला २०१७ उजाडलं.

तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या बाळांसाठी आधी डॉक्टरांना विचारायला हवंच. आणि अख्खा दाणा कुठल्याच बाळाला देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकू शकतो. बारीक कूट पेजेत किंवा खिमटात मिसळून द्यावं.