पाण्याने दिलेली वर्दी

स्प्रिंकलरच्या नळ्यांतून पाणी वाहू लागले की त्याच्या दाबाने विजेचे टोक जोडून देणारे छोटे उपकरण म्हणजे अलार्मचा प्रेशर स्विच. आत एक पडदा, त्याला रेटून धरणारी स्प्रिंग आणि पडदा सरकला की हलणारे संपर्क, एवढाच त्याचा संसार. ६८ अंश सेल्सिअसला स्प्रिंकलरचा लाल बल्ब फुटतो, पाणी आपोआप आगीवर पडते. पण इमारतीत कोणी नसेल, तर आगीची वर्दी फायर अलार्म पॅनेलपर्यंत पोचवण्याचे काम या स्विचचे.

पंपरूममध्ये हेडरवर ओळीने दिसतात ते स्विच वेगळे. ते दाब घटण्याची वाट पाहतात: थोडा घटला की जॉकी पंप, आणखी घटला की मुख्य पंप. अलार्मचा स्विच दाब चढण्याची वाट पाहतो, तोही अगदी थोडा, साधारण ४ ते ८ पीएसआय. दोघे दिसायला भावंडेच. पण पंपाचा, कित्येक पट जास्त दाबाला लावलेला स्विच अलार्मच्या नळीवर चढवला, तर तो वेळेवर जागा होईलच याची खात्री नाही.

एवढा थोडा दाब पुरतो, याचे कारण अलार्म व्हॉल्व्हच्या रचनेत आहे. नळ्या कायम भरलेल्या असतात अशा, म्हणजे ‘वेट’ प्रकारात व्हॉल्व्हमधली झडप वरच्या पाण्याच्या दाबाने बसून राहते आणि तिच्याखालची अलार्मची बारीक वाट बंद असते. त्यामुळे पुढची अलार्म लाइन कोरडी, दाब शून्य. स्प्रिंकलर उघडला की झडप उचलली जाते आणि पाणी त्या वाटेत शिरते. पण पुरवठ्याचा दाब क्षणभर उसळला तरी झडप थोडी उचलते. प्रत्येक उसळीला हूटर वाजू नये म्हणून मध्ये रिटार्ड चेंबर नावाचा लोखंडी डबा असतो. थोडेसे पाणी आले तर ते त्याच्या बारीक छिद्रातून निथळून जाते. धार टिकली तर डबा भरतो आणि दाब स्विचपर्यंत व पाण्याच्या जोरावर वाजणाऱ्या घंटेपर्यंत पोचतो. स्विचची जागा म्हणून चेंबरच्या पुढे. वेळ खाणारा डबा आधीच असताना स्विचमध्ये किंवा पॅनेलमध्ये आणखी विलंब लावला, तर वर्दीच उशिरा निघते.

बसवताना स्विच उभा, आट्याचे तोंड खाली. टेफ्लॉन टेप बाहेरच्या आट्यांवरच, आणि पहिला आटा मोकळा सोडून. टेपचा तुकडा आत गेला तर बारीक तोंड बुजू शकते. पाना लावायचा तो खालच्या पितळी षटकोनावर. स्विचच्या डब्याला धरून पिळले की आतले सेटिंग बिघडते. व्हॉल्व्ह आणि स्विच यांच्यामध्ये कॉक असलाच, तर तो बंद झाल्याचे पॅनेलला कळेल अशी सोय हवी. गळती थांबवायला कोणी तो कॉक फिरवून विसरला, तर स्विच ठणठणीत असूनही मुका.

यानंतर वायरिंग, आणि खरी गोम इथेच. स्विचवरचे ‘नॉर्मली ओपन’, ‘नॉर्मली क्लोज्ड’ हे शब्द दाब शून्य असतानाच्या अवस्थेला धरून असतात. वेट प्रकारात ते सरळ जुळते: कॉमन आणि ओपन ही टोके घ्यायची. शीतगृहांत पाणी गोठते म्हणून नळ्यांत हवा भरलेली असते. तिथे पाणी आल्याचे सांगणाऱ्या स्विचबरोबर हवेचा दाब घटल्याचे सांगणारा दुसराही लागतो. हा दुसरा रोजच दाबाखाली, त्यामुळे त्याचा ‘ओपन’ संपर्क रोज बंद. नाव वाचून वायर जोडणारा वायरमन इथे हमखास चकतो. मीटर लावून पाहावे. शिवाय याची खूण आगीची नव्हे, देखरेखीची, म्हणून पॅनेलवर ती वेगळी दिसली पाहिजे.

स्विच वर्षानुवर्षे झोपलेला असतो. मधल्या काळात वायर तुटली तर कळणार कसे? यासाठी सर्किटच्या अगदी शेवटी एक रेझिस्टर लावतात. २४ व्होल्टच्या पॅनेलवर ४.७ किलोओहमचा रेझिस्टर असेल तर सुमारे ५ मिलिअँपिअर प्रवाह सतत फिरतो. तो थांबला की पॅनेल ‘फॉल्ट’ दाखवते, स्विच जुळला की प्रवाह वाढून अलार्म. सरळ शॉर्ट झाल्यास काही पॅनेले त्यालाही फॉल्टच समजतात. तिथे संपर्काच्या मालिकेत आणखी एक रेझिस्टर घालावा लागतो. किती ओहमचा, ते पॅनेलच्या पुस्तिकेत असते. हाच शेवटचा रेझिस्टर काही जण सोयीसाठी पॅनेलच्या आतच बसवतात. मग पॅनेल फक्त स्वतःवर पहारा करते.

याहून फसवी चूक दिसायला नीटनेटकी असते. वायर न कापता, मधली साल सोलून, तिचा वेढा स्क्रूभोवती आवळला जातो. स्क्रू ढिला होऊन वायर निसटली तरी प्रवाह अखंड राहतो आणि पॅनेलवर हिरवा दिवा तसाच. म्हणून येणारी आणि जाणारी वायर कापून, वेगळ्या क्लॅम्पखाली घ्यायची: एक सुटली की सर्किट तुटलेच पाहिजे. स्विचच्या त्याच डब्यात २३० व्होल्टच्या घंटेची वायर कोंबू नये. केबल ग्लँड घट्ट हवा आणि केबलला आधी खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाळ्यात तिच्यावरून ओघळणारे पाणी आत शिरत नाही.

चाचणीचे दोन मार्ग. व्हॉल्व्हजवळचा बायपास कॉक उघडला तर स्विच आणि वायर तपासली जाते, झडप नव्हे. पुरी परीक्षा म्हणजे सर्वांत दूरच्या टोकाचा, एका स्प्रिंकलरच्या तोंडाएवढा चाचणी नळ उघडून घड्याळ लावणे. अमेरिकेच्या एनएफपीए ७२ नुसार ९० सेकंदांच्या आत वर्दी मिळाली पाहिजे. महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते, तेव्हा ही चाचणी सहज त्यात बसते. आधी सुरक्षारक्षकांना कळवावे. नंतर चाचणी नळ बंद, अलार्म लाइन निथळलेली, तिचा कॉक उघडा, पॅनेल रिसेट, आणि किती सेकंद लागले ते नोंदवहीत.