उडण्याआधी काट्यांची परीक्षा

मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीत राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ साली ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. अमेरिकेत तर घरी विमान बांधणारे हजारोंनी आहेत. पाहणाऱ्याचे लक्ष पंखांकडे, इंजिनाकडे जाते. आम्हांला मात्र पहिल्या उड्डाणाआधी होणारी काट्यांची परीक्षा अधिक महत्त्वाची वाटते.

बंद पडलेला काटा निदान दिसतो. खोटे सांगणारा काटा घात करतो. २ ऑक्टोबर १९९६ रोजी एरोपेरू कंपनीचे विमान लिमाहून रात्री निघाले. धुताना हवेच्या छिद्रांवर लावलेली चिकटपट्टी काढायची राहिली होती. उंची आणि वेग दोन्ही चुकीचे दिसू लागले. विमान समुद्रात पडले, ७० जण गेले. ते तर मोठ्या कंपनीचे विमान. घरी बांधलेल्या विमानात प्रत्येक नळी आपल्याच हाताने जोडलेली असते.

म्हणून नळीतली हवा हलकेच खेचून उंचीचा काटा १,००० फूट चढवतात आणि घड्याळ लावतात. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे मिनिटाला १०० फुटांहून जास्त घसरण झाली, तर नळी कुठेतरी गळते आहे. (तोंडाने जोरात ओढू नये, नाजूक यंत्र मोडते.)

मग इंजिन चालू ठेवून रेडिओवर बोलतात. त्या क्षणी इंधनाचा काटा उडी मारतो का? मारला, तर तारांची मांडणी बदलावी लागते. होकायंत्राची तपासणी लोखंडी शेडपासून दूर, विमान थोडे थोडे फिरवून करतात. किती फरक पडतो ते कार्डावर लिहून होकायंत्राजवळच लावतात. दिशा १० अंश चुकली, तर ६० किलोमीटरवर माणूस सुमारे १० किलोमीटर बाजूला जातो.

एवढे झाल्यावर मग बिस्मिल्लाह. उंट न बांधता केलेल्या भरवशाला तवक्कुल म्हणत नाहीत, हे आपल्या घरात मुलांनाही ठाऊक आहे.

वेग मोजणाऱ्या नळीत गांधीलमाशी घर करते, म्हणून विमान उभे असताना तिच्यावर लाल फीत लावलेली टोपी घालतात. उड्डाणाआधीच्या शेवटच्या फेरीत वैमानिक ती स्वतः काढून आत ठेवतो.