हाफकिनची लस आणि उंढेऱ्याची अर्धी माणसे

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. तिथल्या लसीची सुरुवात मात्र तुरुंगात झाली, हे फारसे कोणी सांगत नाही.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग प्रकटला. वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजात जंतू वाढवून, ते उष्णतेने मारून लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई त्याने स्वतःलाच टोचून घेतली, तीही नेहमीच्या मात्रेपेक्षा कितीतरी मोठी. हे धैर्य कोणी नाकारू नये.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी तयार झाले त्यांना लस दिली गेली. न टोचलेल्या १७२ जणांपैकी बारांना प्लेग झाला, सहा दगावले. टोचलेल्यांत दोघेच आजारी पडले, मृत्यू एकही नाही. (गजाआडच्या माणसाच्या 'तयारी'ला किती अर्थ द्यायचा, हा प्रश्न त्या काळी कोणाला पडला नसावा.)

पण शास्त्राच्या दृष्टीने यात एक उणीव होती. आपण होऊन पुढे येणारा माणूस मुळातच अधिक धडधाकट असेल तर? म्हणून १८९८ च्या आरंभी उमरखाडीच्या तुरुंगात एकाआड एक कैद्याला टोचण्यात आले. सुई कोणाला, हे आता माणसाच्या इच्छेवर नव्हे, तर त्याच्या रांगेतील जागेवर ठरू लागले. म्हणजे प्रयोग जसजसा चोख झाला, तसतशी संमती मागे पडत गेली.

त्याच फेब्रुवारीत बडोद्याजवळच्या उंढेरा गावी प्रत्येक कुटुंबाचीच विभागणी झाली. घर एक, अन्न-पाणी एक; निम्म्यांना लस, निम्मे तसेच. पुढे ज्या घरांत प्लेग आला, तेथील टोचलेल्या ७१ जणांपैकी तीन मेले. न टोचलेले होते ६४; त्यांतले २६ मेले.

भायखळ्यात लसीचा गुण कोणालाच ठाऊक नव्हता, तेव्हा ती न देण्यात अन्याय म्हणता येणार नाही. उंढेऱ्याच्या वेळी तुरुंगातले आकडे हाती होते. तरीही निम्मी माणसे मुद्दाम वगळली, कारण त्यांच्याशिवाय तुलना उभी राहत नव्हती. त्याच तुलनेच्या बळावर पुढे लाखो लोकांना ही लस मिळाली, हेही तितकेच खरे.

घरातल्या दोन भावंडांपैकी कोणाला पुढे करायचे, हे त्यांच्या आईला विचारले होते का? तक्त्यात तो रकाना नाही.