दाताला कानस

संपादकांनी मला दंतमहाविद्यालयातला ऑर्थोचा, म्हणजे दात सरळ करण्याचा, विभाग बघायला पाठवलं होतं. मी मात्र रमलो मागच्या लॅबमध्ये, एका वळवलेल्या तारेपाशी.

दाटीवाटीने उगवलेल्या दातांना रांगेत आणायचं तर जागा लागते. दात न काढता ती मिळवायची एक वाट म्हणजे शेजारच्या दोन दातांचं इनॅमल कडेने किंचित घासणं. असं घासणं आपोआपही होतं: भरड खाण्याने दात कडेनेही झिजतात, हे ऑस्ट्रेलियातल्या पर्सी बेग यांनी तिथल्या आदिवासींच्या दातांवरून १९५४ साली मांडलं होतं. अमेरिकेतल्या जॉन शेरिडन यांनी १९८५ मध्ये एअररोटरने, म्हणजे हवेच्या दाबावर फिरणाऱ्या ड्रिलने, घासण्याची पद्धत दिली. पुढच्या दातांना अजूनही हिऱ्याची पूड चढवलेली पट्टीच बरी. पण ती बोटांत धरली की ओल्या ग्लोव्हजमधून निसटते आणि ओठ कापतो.

त्यावर लॅबमधल्या काकांनी उपाय काढला. जाडसर स्टीलची तार पकडीने नालेसारखी वळवायची, सोनाराच्या करवतीची जणू धाकटी बहीण. खुबी पुढेच आहे. तिचे दोन्ही बाहू ते मुद्दाम जरा फाकवून ठेवतात. पट्टीच्या टोकांना स्पॉट-वेल्डरवर बारीक फास करतात, बाहू चिमटीत दाबून फास अडकवतात आणि सोडून देतात. तार मूळ जागी जाऊ बघते, पट्टी ताणली जाते. काकांनी टिचकी मारली तर एकतारीसारखी वाजली! स्क्रू नाही, स्प्रिंग नाही. एवढ्याशा तारेत इतकी अक्कल बघून मी हरखलो.

तारेच्या अशा पहिल्या चौकटीची अ‍ॅक्रिलिकची मूठ निर्जंतुक करताना ऑटोक्लेव्हच्या १२१ अंशांत वाकडी झाली, म्हणून आता मूठही तारेचीच. वेल्डच्या जागी गंज धरतो तो वेगळाच. खरी धास्ती मात्र मापाची. एका कडेचं साधारण पाव मिलिमीटर, दोन्ही मिळून अर्धा, एवढीच मुभा. इनॅमल घडवणाऱ्या पेशी दात उगवतानाच संपतात. घासलेलं पुन्हा भरत नाही. आणि किती गेलं, ते ही चौकट सांगत नाही. त्यासाठी गॅरेजमधल्या फीलर गेजसारख्या पात्या फटीत घालून बघाव्या लागतात.

एक विद्यार्थिनी प्लास्टरमध्ये बसवलेल्या, काढून टाकलेल्या दातांवर हात बसवत होती. चार वेळा घासायचं, पाती घालायची, वहीत लिहायचं. ०.२ ची पाती गेली, ०.३ ची अडली. पुन्हा पट्टी घातली, तर ती वेल्डपाशी तुटली. काकांनी तुकडा खिडकीच्या उजेडात धरला, फास नखाने दाबून पाहिला आणि काही न बोलता वेल्डर पुन्हा सुरू केला.