तुंबलेली मोरी आणि तारेची स्प्रिंग

पुढे दुकान, मागे घर आणि टोकाला मोरी, अशी घरे गंगापूरसारख्या तालुक्याच्या गावी आजही आढळतात. मोरी तुंबली की घरातल्यांचा हात बहुधा अ‍ॅसिडच्या बाटलीकडे जातो. तो थोडा आवरला पाहिजे.

मोरी एका दिवसात तुंबत नाही. भांड्यांवरचे तूप नळीत थिजते. कूपनलिकेचे पाणी जड असेल तर साबणाचा न विरघळणारा थर त्यावर चढतो आणि न्हाणीतले केस हा सारा गाळ बांधून ठेवतात. घरगुती हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडने तूप वा केस विरघळत नाहीत. फरशीचा संगमरवर आणि सिमेंट मात्र झिजते. त्यात ब्लीचिंग पावडर मिसळली, तर विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. शिवाय नळी मोकळी झाली नाही, तर अ‍ॅसिड आतच साचून राहते आणि नंतर ती उघडणाऱ्या कारागिराच्या हातावर, डोळ्यांत उडते.

यावर साधा उपाय म्हणजे प्लंबरची स्प्रिंग, म्हणजेच मुठीने फिरवायची लवचिक पोलादी तार. अमेरिकेत 1933 च्या सुमारास सॅम्युएल ब्लँक यांनी अशा तारेला धुलाई यंत्राची मोटर जोडून भूमिगत नळ्या साफ करणारे यंत्र घडविले. घरच्या मोरीला मात्र हाताची तार पुरते.

प्रथम हातमोजे घालावेत. जाळी काढून नहाणी ट्रॅपमधील वाटी उचलावी व वरचा गाळ काढून घ्यावा. मग तार हळूहळू आत सारावी. ती अडली की जोर न लावता मूठ उजवीकडे फिरवीत राहावी. तारेचे टोक केसांत गुंतते. मग सावकाश बाहेर ओढावे आणि निघालेला गाळ कचऱ्यात टाकावा. शेवटी वाटी जागच्या जागी बसवून पाणी ओतावे. त्या पाण्यानेच दुर्गंधी अडते.

अडथळा पुढे चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टाकीत असेल, तर कोणालाही आत उतरवू नये. संरक्षक साधनांविना असे काम करून घेण्यास 2013 च्या कायद्याने बंदी आहे. तेथे यंत्रानेच उपसा करवावा.

गाळलेल्या पाण्यातील जिवाणी मूळ जलाशयात परत सोडणाऱ्या, टाकाऊ वस्तूही यतनेने टाकावी हे पाचव्या समितीतून ऐकत आलेल्या घरांना हा विवेक नवा नाही. भांडी घासण्यापूर्वी तूप कागदाने पुसावे आणि जाळीवरचे केस रोज उचलावेत; मग स्प्रिंगचीही गरज क्वचितच पडेल.