उष्ण प्रदेशातील डे-लिली आणि सावलीचा प्रश्न

समशीतोष्ण देशांतील उद्यानविषयक ग्रंथांत डे-लिलीस भरपूर ऊन द्यावे, असे सांगितलेले असते. दख्खनच्या पठारावर हा उपदेश अक्षरशः पाळणाऱ्याच्या पदरी वैशाखात करपलेली पाने येतात. आणि त्यास भिऊन जो तिला आंब्याच्या दाट छायेत लावतो, त्यास पाने मिळतात, परंतु फुलांचा दांडा सहसा दिसत नाही. दोघांचीही चूक एकच. सावली ही सर्वत्र व सर्वकाळ सारखीच असते, असे ते धरून चालतात.

हेमेरोकॅलिस ही प्रजाती मूळची पूर्व आशियातील. लिनीयसने १७५३ मध्ये स्वीकारलेल्या या ग्रीक नावातच एका दिवसाच्या सौंदर्याची कल्पना आहे. बहुतेक प्रकारांत सकाळी उमललेले फूल रात्रीपर्यंत कोमेजते. पूर्वी लिलीच्या कुलात गणली जाणारी ही प्रजाती आता अ‍ॅस्फोडेलेसी कुलात घालतात. रोज नवे फूल म्हणजे अन्नसाठ्यावर रोजचा भार. तेव्हा दिवसाकाठी पाच-सहा तास ऊन तिला हवेच. ते तास कोणते, एवढाच प्रश्न उरतो.

मध्यान्हापूर्वी तीन तास आणि मध्यान्हानंतर तीन तास, या दोन्ही वेळी सूर्याची उंची सारखीच असते. हवेची स्थिती मात्र निराळी. समजा, सकाळी तापमान ३० अंश सेल्सियस व सापेक्ष आर्द्रता ५० टक्के आहे. तर हवेतील बाष्पदाबाची तूट सुमारे १६ मिलिमीटर पारा येते. दुपारी ३८ अंश व २० टक्के असता तीच तूट सुमारे ४० मिलिमीटर होते. अर्थात तेवढ्याच प्रकाशासाठी पानास पाण्याची किंमत अडीच पट मोजावी लागते. ती परवडेनाशी झाली की पर्णरंध्रे मिटतात, बाष्पोच्छ्वासाने मिळणारा गारवा थांबतो आणि पान तापते. (वेधशाळा सांगते ते तापमान सावलीतले असते, हे पुष्कळदा विसरले जाते.) म्हणून सकाळचे ऊन आणि दुपारची छाया हाच आपल्याकडील योग्य योग होय.

तो साधण्यास इमारतीच्या पूर्वेची बाजू उत्तम. उत्तरेची बाजू नित्य सावलीची, हा युरोपीय समज येथे खरा नाही. पुणे १८.५ उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. हिवाळाभर छायेत असलेला वाफा नेमका त्या काळात उन्हात येतो.

वृक्षाच्या छायेस भिंतीची सर नाही. बहावा ऐन उन्हाळ्यात पाने गाळतो. त्याहून मोठा दोष मुळांचा: भिंत पाणी पीत नाही, वृक्ष पितो. वृक्षाखाली डे-लिली खंगते तेव्हा आपण प्रकाशास दोष देतो, पण पुष्कळदा तो तहानेचा परिणाम असतो. मांसल मुळांतील साठ्यावर ती तग धरते, फुलत नाही.

सोबतीच्या वनस्पती याच कसोटीवर निवडाव्यात. सोनटक्का सुंदर खरा, पण उन्हाळ्यातही त्यास ओल हवी. भुईचाफा व मे महिन्यात फुलणारी फुटबॉल लिली अधिक समंजस शेजारी: दोघांची पाने पावसाळ्यात वाढतात आणि हिवाळ्यात ती भूमिगत विश्रांती घेतात, त्यामुळे मार्च-एप्रिलच्या टंचाईत पाण्याचा वाटा मागत नाहीत. वाफ्याच्या कडेस ऑफिओपोगॉन चालते.

प्रकार सदापर्णी असावा. हिवाळ्यात पाने सुकवून झोपणाऱ्या कित्येक प्रकारांना दीर्घ थंडीची अपेक्षा असते आणि ती येथे पुरी होत नाही. काळ्या जमिनीत वाफा वीतभर उंच करून वाळू व पालापाचोळ्याचे खत मिसळावे. उष्ण, दमट हवेत पाणी साचले की खोडाचा गाभा कुजतो. गड्डे फोडण्याचे काम उन्हाळ्यात न करता पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात करावे.